कृष्णेचा पूर आणि आयर्विन पूल

पावसाळ्याच्या दिवसांत सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या कोणत्याही गावी जावे, चावडीवर, एस. टी. थांब्यावर, दूध संकलन केंद्रावर एक प्रश्न हटकून कानी पडतो : "आयर्विनला किती झालं?" उत्तर येते, "अडतीस." कशाचे अडतीस हे सांगणारा सांगत नाही आणि ऐकणारा विचारीत नाही. सांगली शहरातील आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ३८ फुटांवर आहे, हा अर्थ त्या एका आकड्यातून सर्वांना उमगतो. तेथील ४० फूट ही इशारा पातळी व ४५ फूट ही धोका पातळी. दशमान पद्धत शाळेत शिकून दोन पिढ्या झाल्या, तरी पुराचे माप जिल्ह्यात अद्याप फुटांतच घेतले जाते आणि ते बदलावे असे कोणास वाटत असल्याचे दिसत नाही. आकडा ४० च्या पुढे सरकला की नदीकाठच्या वस्त्यांतील माणसे गुरे सोडवू लागतात, दुकानदार तळमजल्यावरचा माल माडीवर चढवू लागतात.

रस्ता पलीकडे नेण्यासाठी उभारलेला पूल अशा रीतीने साऱ्या जिल्ह्याची पाणीपट्टी होऊन बसला आहे. अर्थात करवसुलीची नव्हे, मोजमापाची. परंतु पूल आणि पूर यांचा संबंध एवढ्यावर संपत नाही. कृष्णेसारख्या नदीवर पूल किती उंच असावा, त्याचे गाळे किती रुंद असावेत, त्याच्या दोन्ही अंगांचे भराव कसे असावेत, या साऱ्या प्रश्नांची उत्तरे पुराच्या पाण्यानेच ठरतात. आणि ती चुकली, तर त्याची किंमत पूल न ओलांडणाऱ्या माणसांनाही मोजावी लागते.

एक काठ रस्त्याचा, दुसरा लोहमार्गाचा

क्षेत्र महाबळेश्वर येथे उगम पावलेली कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. महाराष्ट्रातील तिचा बहुतेक मार्ग सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतून जातो. हे दोन्ही जिल्हे मूळचे एकाच घरचे. १९४९ साली साताऱ्यातून 'दक्षिण सातारा' हा जिल्हा वेगळा काढण्यात आला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. शासकीय सीमा अशी पडली तरी नदीचा हिशेब मात्र एकत्रच राहिला. महाबळेश्वराच्या माथ्यावर वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तर सांगलीस जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर. त्यामुळे सांगलीचा महापूर सांगलीच्या पावसाने येत नाही. निरभ्र आकाशाखाली पाणी अंगणात शिरते, असे दृश्य या शहराने पाहिले आहे.

वाई आणि भुईंज मागे टाकून कृष्णा माहुलीस येते, तेथे तिला वेण्णा मिळते. पुढे उरमोडी, तारळी येऊन मिळतात. कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना समोरून येऊन भेटते. तेथून खाली पात्राचा उतार मंदावतो. नदी काळ्या मातीच्या सपाट प्रदेशातून वळणे घेत चालते. ब्रह्मनाळास येरळा, सांगलीलगत हरिपूर येथे वारणा आणि पुढे नृसिंहवाडीस पंचगंगा तिला मिळते. या शेवटच्या दोन संगमांचे महत्त्व विशेष आहे. वारणा आणि पंचगंगा एकाच वेळी दुथडी भरल्या, म्हणजे कृष्णेच्या पाण्यास पुढे सरकण्यास वाव राहत नाही व ते मागे सांगलीच्या दिशेने तुंबू लागते. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पाणी चढून पादुकांवरून वाहू लागले की भाविक दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानासाठी गर्दी करतात; सांगलीकर मात्र त्याच वार्तेने सावध होतात.

या नदीच्या दोन काठांवर दोन भिन्न दळणवळण-मार्ग आहेत, ही गोष्ट नकाशा पाहिल्याखेरीज सहसा ध्यानात येत नाही. पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्ग (पूर्वीचा क्रमांक ४, आताचा ४८) भुईंजपाशी कृष्णा ओलांडतो आणि त्यानंतर सातारा, कराड, पेठ असा नदीच्या उजव्या, म्हणजे पश्चिमेकडील अंगाने जातो. पुणे-मिरज लोहमार्ग मात्र कोरेगाव, रहिमतपूर, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी असा डाव्या अंगाने येतो. कराड शहर एका तीरावर आणि त्याचे रेल्वे स्थानक ओगलेवाडीस दुसऱ्या तीरावर, हा प्रकार त्यामुळेच घडला. महामार्ग आणि लोहमार्ग यांना शिडीच्या दोन उभ्या बाजू मानले, तर कृष्णेवरील पूल या तिच्या पायऱ्या होत. ऊस, हळद, गूळ, दूध, कॉलेजला जाणारी मुले आणि दवाखान्यात न्यावयाचे रुग्ण या पायऱ्यांवरून इकडचे तिकडे जातात. सांगली शहर डाव्या तीरावर व सांगलवाडी उजव्या तीरावर असून या दोहोंना जोडणारी पायरी म्हणजे आयर्विन पूल.

संस्थानी काळातील बांधकाम

सांगली हे पटवर्धनांचे संस्थान होते. त्याचा मुलूख एकसंध नव्हता. आज कर्नाटकात असलेल्या तेरदाळ, शिरहट्टीपर्यंत त्याचे तुकडे विखुरलेले होते. अशा संस्थानास रस्ते व पूल यांचे मोल इतरांहून अधिक वाटले असल्यास नवल नाही. १९१४ च्या महापुराची आठवण शहरात ताजी होती. पावसाळ्यात नदी फुगली, म्हणजे राजधानीचा पश्चिमेकडील मुलखाशी संबंध नावाड्याच्या मर्जीवर अवलंबून राही. बाजारपेठ म्हणून वाढू पाहणाऱ्या शहरास ही स्थिती परवडण्याजोगी नव्हती. श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या कारकिर्दीत कृष्णेवर कमानींचा भक्कम पूल उभारण्यात आला आणि १९२९ च्या नोव्हेंबर महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. हिंदुस्थानास वसाहतीचे स्वराज्य देण्याविषयीची आयर्विन यांची सुप्रसिद्ध घोषणा ३१ ऑक्टोबर १९२९ ची, म्हणजे त्याच्या काही दिवसच आधीची. ती घोषणा आता इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात राहिली आहे. सांगलीत मात्र आयर्विन या शब्दाचा अर्थ पूल असाच होतो.

ऐंशी-नव्वद वर्षे हा पूल वाहतुकीचा भार वाहत आला. पेठ-सांगली मार्गावरील गाड्या, हळदीच्या बाजारात येणारी पोती, साखर कारखान्यांचा ऊस, सारे याच्यावरून गेले. पुलाखालच्या पाण्यात होड्यांच्या शर्यती रंगल्या व त्या पाहण्यासाठी कठड्यांवर माणसांच्या रांगा लागल्या. पट्टीच्या पोहणाऱ्यांनी पुलावरून उड्या मारण्याची हौसही भागवून घेतली. ती अनुकरणीय आहे असे मात्र म्हणवत नाही.

नाव, काहील आणि बरगे

कृष्णा ही नौकावहनाची नदी आहे काय, असा प्रश्न विचारल्यास त्याचे उत्तर स्थळकाळावर अवलंबून राहील. आंध्र-तेलंगणातील वजीराबाद ते विजयवाडा हा तिचा भाग २००८ साली राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ मध्ये समाविष्ट करण्यात आला. सातारा-सांगलीत मात्र उन्हाळ्यात तिचे पाणी ओसरते, जागोजागी खडक उघडे पडतात आणि पावसाळ्यात प्रवाहाची ओढ एवढी असते, की मोठे नौकानयन संभवत नाही. येथे नाव चालली ती आडवी, या तीरावरून त्या तीरावर. औदुंबरच्या दत्तदर्शनास भिलवडीकडून येणारे भाविक नावेनेच नदी उतरत. नाव उपलब्ध नसेल तेथे गुऱ्हाळावरील काहील पाण्यात लोटली जाई. गूळ रटरटण्यासाठी असलेली ही पसरट लोखंडी कढई प्रवाहात गरगर फिरते व तिला सुकाणू नसते. तरीही कृष्णा-वारणेच्या काठी तिच्यात बसून शेतावर जाणाऱ्या माणसांची परंपरा जुनी आहे.

या वस्तुस्थितीचा पुलाच्या रचनेवर परिणाम होतो. बंदरातील खाडीवर पूल बांधताना खालून जाणाऱ्या गलबताची डोलकाठी किती उंच, हे पाहून पुलाची उंची ठरविली जाते. कृष्णेवर डोलकाठीचा प्रश्न नाही. येथे उंची ठरते ती नदीच्या ज्ञात इतिहासातील सर्वोच्च पूरपातळीवरून. त्या पातळीच्या वर काही अंतर मोकळे ठेवून पुलाचा तळ योजला जातो, कारण पुराबरोबर झाडांचे ओंडके, पेंढ्यांच्या गंजी आणि अलीकडे प्लॅस्टिकचे डोंगर वाहत येतात.

सर्वच ठिकाणी एवढा खर्च करणे शक्य नसते. म्हणून कमी रहदारीच्या जागी पुराच्या दिवसांत पाण्याखाली जाणारे बुडीत पूल वा फरशी पूल बांधले जातात. वर्षातील काही दिवस ते बंद राहतील, हे आरंभीच गृहीत धरलेले असते. याहून वेगळी तडजोड म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. दगडी खांबांमधील खाचांत लाकडी वा लोखंडी बरगे घालून हिवाळ्या-उन्हाळ्यात पाणी अडवावयाचे व पावसाळ्यापूर्वी ते काढून नदीस वाट मोकळी करून द्यावयाची, ही ती पद्धत. डिग्रज, सांगली, म्हैसाळ आणि पुढे शिरोळ तालुक्यातील राजापूर येथे कृष्णेवर असे बंधारे आहेत. अशा बंधाऱ्यांच्या माथ्यावरून सायकली, मोटारसायकली, क्वचित छोट्या गाड्याही जातात आणि गावकरी त्यास खुशाल 'पूल' म्हणतात. एकाच बांधकामाकडून सिंचन आणि दळणवळण अशी दोन कामे घेण्याची ही युक्ती ग्रामीण महाराष्ट्रास चांगली मानवली. तथापि तीवर कठडा नसतो, पाणी किती चढले हे अंधारात कळत नाही, आणि 'एवढ्यात काय होते' म्हणून गाडी घालणाऱ्यांचे अपघात दर पावसाळ्यात वाचावयास मिळतात.

पाण्यास वाट किती द्यावी ?

पूल म्हटला की आपले लक्ष वरच्या रस्त्याकडे जाते. अभियंत्याचे लक्ष प्रथम खालच्या पोकळीकडे असते. महापुरात दर सेकंदास जेवढे पाणी येणार, ते सर्व त्या पोकळीतून निघून गेले पाहिजे. गाळाच्या पात्रातील नदीस स्वाभाविकपणे किती रुंदी लागते, याचा एक ठोकताळा गेराल्ड लेसी या अभियंत्याने भारतातील कालव्यांच्या अभ्यासावरून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसविला. प्रवाह घनमीटर प्रति सेकंद या मापात घेऊन त्याचे वर्गमूळ काढावे आणि त्यास सुमारे ४.८ ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे मीटरांतील रुंदी. दर सेकंदास १०,००० घनमीटर पाणी येत असेल, तर वर्गमूळ १०० व रुंदी ४८० मीटर. खडकाळ तळाच्या व उंच काठांच्या नदीस हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही, परंतु पुलाची लांबी वाचविण्याचा मोह आवरण्यास तो उपयोगी पडतो.

ही वाट अरुंद केली तर काय होते, हे ओढ्यावर दोन दगड ठेवून पाहण्याजोगे आहे. दगडांच्या अलीकडे पाणी थोडे चढते आणि मधल्या फटीतून वेगाने उसळते. नदीवरही असेच दोन परिणाम घडतात. पहिला म्हणजे पुलाच्या वरच्या अंगास येणारा फुगवटा. सपाट प्रदेशात काही इंचांचा फुगवटाही मागे बऱ्याच अंतरापर्यंत जाणवतो व काठावरच्या पिकांत, घरांत पाणी पसरवितो. दुसरा म्हणजे खांबांच्या बुडाशी होणारी खरवड. वेगाने येणारे पाणी खांबास आपटून खाली वळते, त्याचे भोवरे होतात व ते पायथ्याची माती उपसून नेतात. खांबाचे टोक प्रवाहाच्या दिशेने निमुळते ठेवतात ते याचसाठी. पाणी फाटून दोन्ही अंगांनी जावे व भोवऱ्यांचा जोर ओसरावा.

या खरवडीत एक लबाडी आहे. खड्डा सर्वांत खोल असतो तो पूर ऐन भरात असताना, जेव्हा तेथे कोणी पोहोचू शकत नाही. पूर ओसरू लागला की वाहून आलेला गाळ त्याच खड्ड्यात बसतो. हिवाळ्यात पाहणीस गेलेल्या माणसास तळ सपाट दिसतो आणि सारे काही ठीक असल्याची नोंद होते. तो भुसभुशीत गाळ पुढच्या पुरात पहिल्या तडाख्यास निघून जाणार असतो, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून पाया खडकात वा खोल विहिरींच्या स्वरूपात घट्ट बसविणे, आणि पाहणीच्या वेळी पाणबुडे व खोली मोजण्याची साधने वापरून खांबाच्या बुडाची तपासणी करणे अगत्याचे ठरते.

कमानींच्या पुलाची आणखी एक गोष्ट आहे. दगड दाब सोसण्यास बळकट व ताण सोसण्यास दुबळा. कमानीत वरचा सारा भार दाबाच्या रूपाने एका दगडाकडून दुसऱ्याकडे जात शेवटी खांबांत उतरतो, म्हणून दगडी कमानी शतकानुशतके टिकतात. पण कमान वरच्या बाजूस मिटत जाते. पाणी कमानीच्या टेकूपर्यंत आहे तोवर त्यास पूर्ण रुंदी मिळते. ते त्याहून वर चढू लागले की प्रत्येक फुटागणिक वाट अरुंद होत जाते. म्हणजे पाण्यास सर्वांत अधिक जागा हवी असते, नेमकी त्याच वेळी ती आक्रसते. तुळयांवर सपाट तळ असलेल्या आधुनिक पुलात ही अडचण नाही. शिवाय कमानींचे खांब एकमेकांस रेटून उभे असतात. एका खांबाचा पाया खचला, तर शेजारच्या दोन्ही कमानींचा तोल जातो.

पूल कोरडा, रस्ते पाण्यात

२००५ साली आयर्विन पुलापाशी पाणी सुमारे ५४ फुटांपर्यंत चढले. शहराच्या जुन्या पेठांत होड्या फिरल्या. हरिपूर परिसरात जमिनीखालील पेवांत साठविलेल्या हळदीत पाणी शिरले. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही साठवणुकीची पद्धत त्या धक्क्यातून पुरती सावरली नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये २००५ चाही उच्चांक मोडला आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २०२१ च्या जुलैमध्ये ते पुन्हा ५५ फुटांच्या आसपास पोहोचले.

२०१९ च्या त्या दिवसांत एक विलक्षण परिस्थिती उद्भवली होती. आयर्विन पुलाचा माथा पाण्याच्या वर होता, परंतु टिळक चौक, हरभट रोड या शहराकडील भागांत पाणी भरलेले आणि पलीकडे सांगलवाडीही वेढलेली. पूल उभा होता आणि त्याच्यापर्यंत जाण्यास वाट नव्हती. महामार्गाचीही तीच गत झाली. कोल्हापूरनजीक शिरोली परिसरात रस्त्यावर पाणी आल्यामुळे तो काही दिवस बंद राहिला व दूध, भाजीपाला, इंधन यांच्या गाड्या जागच्या जागी खोळंबल्या. पुलाची उंची ठरविताना जेवढी दक्षता घेतली जाते, तेवढी जोडरस्त्यांच्या बाबतीत घेतली जात नाही, असे त्या अनुभवावरून म्हणावे लागते.

जोडरस्ते उंच करावेत, हा उपाय सहज सुचतो. पण त्यातच खरी मेख आहे. पूरप्रदेशातून मातीचा उंच भराव घातला, म्हणजे पुलाच्या दोन बाजूंना दोन धरणेच उभी राहतात. महापुरात नदी आपल्या पात्रात राहत नाही; ती काठावरच्या शेतांतून, ओढ्यांतून समांतर वाहत असते. ते सारे पाणी भरावास अडून पुलाखालच्या एकाच पोकळीकडे वळते, फुगवटा वाढतो, आणि रस्ता कोरडा ठेवण्याची किंमत वरच्या अंगाची गावे मोजतात. यावर मार्ग एकच : भरावात पुरेशा मोऱ्या ठेवणे, वा जेथे पाणी पसरते त्या साऱ्या टप्प्यात भरावाऐवजी खांबांवरचा रस्ता नेणे. दुसरा पर्याय महाग आहे यात शंका नाही. पण पुरात बुडालेल्या पेठांचे नुकसान खर्चाच्या कोणत्याच अंदाजपत्रकात मांडले जात नसल्यामुळे पहिला पर्यायही अनेकदा अपुरा केला जातो.

२०१९ च्या पुरानंतर शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली व तिने २०२० मध्ये अहवाल दिला. आलमट्टी धरणाच्या फुगवट्यावर साऱ्या महापुराचे खापर फोडता येत नाही, असे समितीने म्हटले आणि अतिवृष्टी, पूररेषेतील अतिक्रमणे, नदीच्या वहनमार्गातील अडथळे यांकडे लक्ष वेधले. आलमट्टीची उंची वाढविण्याच्या प्रस्तावास महाराष्ट्राचा विरोध कायम आहे व तो वाद आपल्या जागी चालू राहील. वहनमार्गातील अडथळे दूर करणे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे आणि त्यासाठी कोणत्याही शेजाऱ्याची संमती लागत नाही.

त्याच ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून ग्रामस्थांना बाहेर काढणारी नाव उलटून दहाहून अधिक जण बुडाले. येरळा आणि कृष्णा यांच्या संगमावरील या गावास बाहेर पडण्यासाठी त्या दिवशी कोरडा रस्ता उरला नव्हता. पूल आणि रस्ते ज्या नावेची जागा घेण्यासाठी बांधले गेले, त्याच नावेवर शेवटी जीव टांगावा लागला. पूरप्रवण गावास एक तरी बारमाही उंच वाट असावी, ही मागणी या घटनेनंतर केवळ सोयीची राहिलेली नाही.

जुन्या पुलांचे वय

महाबळेश्वराच्या पंचगंगा मंदिरात ज्या पाच नद्यांचा उगम मानला जातो, त्यांत कृष्णेबरोबर सावित्रीही आहे. ती सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून महाडकडे जाते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळील सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एस. टी. गाड्या व अन्य वाहने प्रवाशांसह वाहून गेली. तेथील नवा पूल पुढच्या जून महिन्यात वाहतुकीस खुला झाला. परंतु त्या रात्रीने राज्यातील साऱ्या जुन्या पुलांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. त्यांची संरचनात्मक तपासणी हाती घेण्यात आली आणि त्याच सुमाराच्या आयर्विन पुलाविषयीही चिंता व्यक्त होऊ लागली.

येथे वयाचा प्रश्न एकटा नाही. १९२९ साली पुलावर बैलगाड्या, टांगे आणि थोड्या मोटारी येत. भारतीय रस्ते काँग्रेसची स्थापना १९३४ ची; पुलांनी किती भार सोसावा याची देशव्यापी प्रमाणे त्यानंतर हळूहळू ठरली. आज मोठ्या पुलाची रचना करताना साखळीपट्ट्यांवर चालणारे ७० टनांचे वाहन गृहीत धरले जाते. उसाने शिगोशिग भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आयर्विनच्या मूळ रचनाकारांच्या स्वप्नातही आला नसावा. म्हणून या पुलावरील जड वाहतूक बंद करून ती बायपास पुलाकडे वळविण्यात आली व आयर्विनच्या शेजारी समांतर पुलाचे काम हाती घेण्यात आले.

समांतर पुलाच्या बाबतीत एक पथ्य महत्त्वाचे असते. नव्या पुलाचे खांब जुन्या खांबांच्या सरळ रेषेत आले पाहिजेत. ते जुन्या गाळ्यांच्या मध्यावर आले, तर एका अडथळ्यातून सुटलेले पाणी लगेच दुसऱ्यावर आदळते. भोवरे वाढतात, ओंडके अडकतात, आणि दोन पूल मिळून जणू एक जाळी होते. जुना पूल ठेवावयाचा असेल, तर त्याच्या कमानींच्या सांध्यांतून उगवणारी वड-पिंपळाची रोपटी वेळीच मुळासकट काढणे, पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या मोकळ्या ठेवणे, जुन्या डांबरावर नव्या डांबराचे थर चढवून विनाकारण वजन न वाढविणे, ही साधी कामे सातत्याने करावी लागतात. त्यांचे उद्घाटन होत नाही, म्हणून ती मागे पडतात. आणि पादचाऱ्यांसाठी राखलेला जुना पूल म्हणजे निर्धोक पूल, असेही समजू नये. १५ जून २०२५ रोजी मावळ तालुक्यातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला व चौघांचा मृत्यू झाला. दाटीवाटीने उभ्या राहिलेल्या माणसांचे वजन काही थोडे नसते. होड्यांच्या शर्यती वा पुराचे पाणी पाहण्यासाठी पुलावर होणाऱ्या गर्दीस आवर घालणे, हाही पुलाच्या देखभालीचाच भाग आहे.

पुराच्या दिवसांत जिल्हा प्रशासन व पाटबंधारे विभाग यांच्याकडून पाण्याच्या पातळ्यांचे जे पत्रक निघते, ते वाचण्याजोगे असते. कृष्णा पूल कराड, बहे पूल, ताकारी पूल, भिलवडी पूल, आयर्विन पूल सांगली, राजापूर बंधारा, अशी त्यात नावे येतात आणि प्रत्येकासमोर फूट व इंच. पत्रक वरून खाली वाचले, म्हणजे पाण्याचा लोंढा कोठवर आला ते कळते. कराडला पातळी उतरू लागली असली तरी सांगलीस ती आणखी कित्येक तास चढतच राहते. वारणा व पंचगंगा फुगलेल्या असतील, तर आणखी अधिक काळ. कोयना धरणातून विसर्ग वाढविल्याची वार्ता आली की बहे-भिलवडीचे लोक प्रथम कराडचा आकडा विचारतात, सांगलीचे लोक भिलवडीचा विचारतात, आणि शिरोळकडचे लोक आयर्विनचा.